तटावरची हवा

मुंबईच्या माणसाला जशी चौपाटी, तसा आम्हां चांदेकरांना तट. समुद्र आमच्या वाट्याला आला नाही. तो आम्ही प्रथम पाहिला तो ऐन तिशीत, एका मोर्चाबरोबर मुंबईस गेलो तेव्हा. आणि खरे सांगावयाचे तर पायांना फोड आलेले असल्यामुळे पाण्यापेक्षा बसावयाच्या कठड्याकडेच आमचे लक्ष अधिक होते. त्या कठड्यावर बसलेली कुटुंबे आणि चणे खाणारी पोरे पाहून मनात आले, हे तर आमच्याच गावचे दृश्य! फक्त समोर झरपट नाही, समुद्र आहे.

इतिहासाच्या व्याख्यानास घरच्या आठवणीने प्रारंभ केलेला विद्वानांना रुचणार नाही. पण आमची शाळा सातवीत सुटली. पुढे जे वाचले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर आणि युनियनच्या कचेरीत. आमच्यासारख्यांना इतिहास आधी पायाखाली भेटतो आणि मग पुस्तकात. म्हणून पायाखालच्या दगडापासूनच सुरुवात करू.

या तटाची कथा श्रोत्यांना ठाऊकच आहे. बल्लारपूरचा गोंड राजा खांडक्या बल्लाळशाह याच्या अंगावरचे फोड झरपटीच्या पाण्याने बरे झाले. तेथेच त्याला एक ससा त्याच्या कुत्र्याचा पाठलाग करताना दिसला. ज्या भूमीत ससा कुत्र्यामागे लागतो त्या भूमीत काही तेज असले पाहिजे, असे मानून सशाच्या वाटेने तट आखला गेला, अशी दंतकथा आहे. आखणीचे काम तेल ठाकूर याने केले असे सांगतात. काम पुढच्या राजांच्या कारकिर्दींत चालू राहिले. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा हे चार दरवाजे, पाच खिडक्या, ठिकठिकाणी बुरूज, आणि दरवाजांवर हत्तीला नमविणारा सिंह, ही गोंड राजांची खूण. राणी हिराईने महाकालीचे मंदिर उभे केले आणि पती बीरशाह याची समाधी बांधली. १७५१ मध्ये राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेले. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांच्या तोफांनी तटाला खिंडार पाडले आणि किल्लेदार गंगासिंग लढता लढता पडला. आणि याच शहराच्या तुरुंगात २१ ऑक्टोबर १८५८ रोजी बाबूराव शेडमाके यांना फाशी देण्यात आले.

या कथेत राजा आहे, राणी आहे, ससा आणि कुत्रासुद्धा आहे. ज्याने दगड घडविला तो मात्र नाही. हा आमचा नेहमीचा आक्षेप; सभांतून तो आम्ही अनेकदा मांडला आहे आणि टाळ्याही घेतल्या आहेत. पण आज त्या आक्षेपाचे एक टोक आमच्याच अंगावर कसे उलटले, ते सांगावयाचे आहे.

आमचे बाबा कोळशाच्या सायडिंगवर वॅगन भरणारे ठेकेदारी मजूर होते. खाणी १९७३ मध्ये सरकारी झाल्या, तरी भरणीचे हे काम ठेकेदाराकडेच राहिले होते. आम्ही लहान असताना, म्हणजे सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस, सुटीच्या संध्याकाळी ते आम्हां भावंडांना तटावर नेत. चैत्रात खाली महाकालीची जत्रा भरलेली असे. नांदेडकडचे यात्रेकरू झरपटीच्या पात्रात उतरत, पोतराजांच्या आसुडाचा आवाज वरपर्यंत येई, आणि रानाकडच्या बाया पानांच्या द्रोणांत चारं आणि टेंभरं विकत. आजचा गडचिरोली जिल्हा तेव्हा वेगळा झालेला नव्हता. तो झाला १९८२ मध्ये. त्या बायांचे रान आणि आमची कोळशाची धूळ एकाच जिल्ह्यात होती. बाबा एक द्रोण चारं घेऊन देत आणि बुरुजाच्या सावलीत आम्हांला बसवून म्हणत, "बसा इथं. इथं हवेले पैसे लागत नाही." मग ते चार पावले पलीकडे जात. तेथे त्यांच्यासारखेच चारपाच गडी बसलेले असत. आम्हांला वाटे, बाबाही हवा खातात.

मोठेपणी आम्ही गाव सोडले नाही, पण तट सोडला. माणूस गावात राहूनही गावाबाहेर जाऊ शकतो. घुग्घुस, वणी, बल्लारपूर अशी गेट-मीटिंगांची फिरती, बाबा गेले, तटावर बाभळी आणि घाणेरी माजली, वाट दिसेनाशी झाली. त्या वाटेची आठवण मात्र दरसाल अधिक गोड होत गेली. "आमच्या वेळचा तट पाहिला पाहिजे होता," असे म्हणू लागलो. दुसऱ्या कोणी हे वाक्य उच्चारले असते तर आम्ही त्याला प्रतिगामी म्हटले असते!

२०१७ च्या मार्चमध्ये इको-प्रो या संस्थेच्या तरुणांनी झुडपे तोडण्यास प्रारंभ केला. रोज सकाळी येऊन, हाताने काम करून, त्यांनी वाट मोकळी केली. पुढे तटावरून फेरी काढण्याची प्रथा पडली. अशाच एका फेरीस आम्ही गेलो. चाळीस वर्षांनी चढलो. बुरूज आठवणीपेक्षा ठेंगणा निघाला. झरपटीत पाण्यापेक्षा जलपर्णी आणि सांडपाणीच अधिक होते. आमचा गळा दाटून आला आणि बरोबरच्या मंडळींना आम्ही जुन्या वैभवावर एक लहानसे भाषणच दिले.

तटाला लागूनच खाली टिनाच्या छपराची घरे आहेत. तेथली एक बाई भांडी घासता घासता आमचे भाषण ऐकत होती. ती म्हणाली, "तुम्ही फिराले येता भाऊ. आम्ही राहतो इथं." आमचा गळा तेथल्या तेथे मोकळा झाला.

खाली उतरून विचारपूस केली. तिच्या सासऱ्याचीही रोजी कोळशावरचीच. घर पडावयास आले होते. पण तट हे केंद्र सरकारचे संरक्षित स्मारक. १९५८ च्या कायद्यात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीप्रमाणे अशा स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढील २०० मीटरांत परवानगी लागते. दुरुस्तीस मुभा आहे, पण तिलाही अर्ज, नकाशे, फेऱ्या. कायदा वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. तो नसता तर दगड केव्हाच घरांच्या पायांत गेले असते. पण तटाजवळ राहण्याचा दंड तटाजवळ राहणाऱ्याने एकट्याने का भरावा? तट जर सर्वांचा, तर त्याचा भारही सर्वांवर नको काय? बाईला अर्ज कसा लिहावा हे ठाऊक नव्हते. आम्ही तेथेच, त्याच बुरुजाच्या सावलीत, तिचा अर्ज लिहावयास बसलो.

आणि मांडीवर कागद ठेवताच एक जुनी गोष्ट लख्ख समोर उभी राहिली. त्या संध्याकाळी पलीकडे बसलेल्या गड्यांच्या मध्यभागीही एक कागद असे. बाबांच्या एका सोबत्याने, आम्ही चळवळीत आल्यावर, आम्हांला सांगितलेही होते की मजुरीतून होणाऱ्या कापणीविरुद्धचा पहिला अर्ज तटावर लिहिला गेला. वस्तीत मुकादमाचे कान होते, तटावर फक्त वारा. हे ऐकून आम्ही मान डोलावली होती; पण त्या अर्जाचा आणि आमच्या चारांच्या द्रोणाचा काही संबंध आहे, हे कधी ध्यानात आले नाही. बाबांनी आम्हांला हवा खावयास नेले नव्हते. पोरांना घेऊन फिरावयास निघालेल्या बापाचा कोणाला संशय येत नाही, म्हणून नेले होते. अर्जानंतर त्यांना काही महिने काम मिळाले नाही. त्या काळातही द्रोण मात्र चुकला नाही.

ज्या वाटेवर आम्ही सुखी होतो असे म्हणत होतो, ती वाट आमच्या सुखासाठी कोणीतरी राखून धरली होती. दगड घडविणाऱ्याचे नाव इतिहासाने गाळले म्हणून आम्ही आयुष्यभर ओरडलो. आणि स्वतःच्या बालपणाचा इतिहास सांगताना आम्ही द्रोण ठेवला, जत्रा ठेवली, वारा ठेवला, आणि बापाचे काम गाळले.

म्हणून, श्रोतेहो, आपापल्या बालपणीच्या जागी जरूर जा. कोणाची ती चौपाटी असेल, कोणाचा नदीचा घाट, कोणाचा तट. तेथे डोळे भरून आले तर भरू द्यावेत. पण मग खाली उतरून एवढे विचारावे, की येथे आमच्या वेळी कोण राबत होते आणि आज कोण राहते. तरुणांनी झुडपे तोडली, त्यांनी आपले देणे दिले. आमचे देणे अजून बाकी आहे. त्या अर्जाचे उत्तर अद्याप आलेले नाही. येत्या सोमवारी आम्ही पुन्हा कचेरीत जाणार आहोत.