उत्तीर्ण व्हाल, तर खेळाल

अमेरिकेतील टेक्सास राज्यात शरद ऋतूतील शुक्रवारची रात्र म्हणजे शालेय फुटबॉलचा ग्रामोत्सवच. त्यामुळे 1984 साली, गव्हर्नर मार्क व्हाइट यांच्या अमदानीत व उद्योगपती रॉस पेरो यांच्या शिक्षणविषयक समितीच्या प्रेरणेने, विधिमंडळाने जेव्हा असा कायदा मंजूर केला की एखाद्याही विषयात 100 पैकी 70 हून कमी गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्यास सहा आठवडे सामन्यांची मनाई असावी, तेव्हा राज्यभर क्षोभ उसळला व प्रकरण न्यायालयात गेले. शालेय खेळात भाग घेणे हा मूलभूत हक्क नव्हे, असा निवाडा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 1985 साली दिला.

कायद्याचा हेतू मला निःसंशय स्तुत्य वाटतो. परंतु ज्या मुलाचा दिवस वर्ग, सराव आणि दूरच्या गावचे सामने यांत सरतो, त्याला अभ्यासास अवकाश कोठून मिळावा, या मूळ प्रश्नाचे उत्तर केवळ दंडाच्या कलमात सापडणारे नव्हते. संघापासून तुटलेल्या मुलाला पुस्तकाची ओढ लागतेच, असेही नाही. 1995 साली मनाईची मुदत तीन आठवड्यांवर आली, आणि त्या काळात सरावाची मुभा विद्यार्थ्यांना मिळाली.