आर्यनचा पडदा आणि नजरेचा माग

१/ पुण्याच्या मंडईलगत आज जिथे आर्यन वाहनतळ आहे, तिथे १९१५ साली बापूसाहेब पाठक यांनी 'आर्यन' हे शहरातील पहिले कायमस्वरूपी चित्रपटगृह उभारले. पडदा सर्वांसाठी एकच. त्याच्या कोणत्या कोपऱ्यात रमायचे, हे मात्र ज्याचे त्याने ठरवायचे. शेजाऱ्यालाही ते कळत नसे.

२/ नजर वाचण्याचे प्रयत्न मात्र त्याआधीच सुरू झाले होते. १८७९च्या सुमारास पॅरिसमध्ये लुई एमिल जावाल यांच्या प्रयोगशाळेत आढळले, की वाचताना डोळा ओळीवरून संथ सरकत नाही. तो थांबत, उड्या घेत जातो.

३/ १९६८ मध्ये अमेरिकेत आयव्हन सदरलंड यांनी डोक्यावर बसणारा पडदा घडवला. मान वळली की दृश्यही वळे. आजच्या आभासी वास्तवाचा हा पाया.

४/ बारीक तपशील डोळ्याला दिसतात ते दृष्टीच्या मध्यावरील जेमतेम दोन अंशांत. म्हणून संगणक नजरेचा माग घेतो, तेवढाच भाग रेखीव रंगवतो आणि उरलेला ढोबळ ठेवतो. त्याचे श्रम वाचतात.

५/ मात्र त्यासाठी यंत्राला सतत डोळ्यांकडे पाहावे लागते. प्रेक्षक कुठे, किती क्षण थबकला, याची नोंद त्यातून होऊ शकते. आर्यनच्या अंधारात जे ज्याचे त्याच्यापाशी राहिले, ते आता कोणाच्या हाती असावे, हे ठरवणे या पिढीकडे आले आहे.