पाच लाखांचे कवच आणि दुखरी दाढ

नगर निगमाच्या कर्मचाऱ्यांच्या आरोग्याचा विषय निघाला की जबलपुरातल्या आमच्या दीक्षितपुऱ्यात एकच तोडगा ऐकू येतो. निविदा काढा, सर्वांत कमी हप्ता सांगणाऱ्या कंपनीची पाच लाखांची गट पॉलिसी घ्या आणि मोकळे व्हा. शिकलेसवरलेले लोकही हे ठामपणे सांगतात. मला हे मत चुकीचे वाटते आणि त्याची झळ कामगाराच्या घराला बसते, म्हणून त्याचे खंडन सविस्तर करणे भाग आहे.

आधी पूर्वपक्ष. त्याचे मुद्दे चार. धोका पत्करणे हा विमा कंपनीचा धंदा. निगमाने पाणी द्यावे, रस्ते झाडावेत. विमा रक्कम जितकी मोठी तितके कवच भक्कम. दातांचे उपचार ही हौस आहे, त्यावर जनतेचा पैसा का घालवायचा? आणि गरीब कामगाराला आयुष्मान कार्ड आहेच.

पहिला मुद्दा घेऊ. गट विम्याचा करार सहसा वर्षभराचा असतो. वर्षअखेरीस कंपनी हिशेब मांडते: हप्ता किती आला, दावे किती गेले. दावे जास्त गेले असतील तर पुढच्या वर्षाचा हप्ता त्याच मापाने वाढतो. म्हणजे धोका कंपनीने पत्करला असे म्हणायचे, पण वर्षभराने तो निगमाच्याच दारात परत येतो. मुंबई महानगरपालिकेचा अनुभव हेच सांगतो. तिने २०१५ मध्ये कर्मचाऱ्यांसाठी गट विमा सुरू केला. दोनच वर्षांत हप्त्याच्या रकमेवरून कंपनीशी बिनसले आणि २०१७ मध्ये योजना थांबली. ज्यांचे उपचार चालू होते त्यांनी काय करायचे, याचे उत्तर पॉलिसीत नसते.

याउलट आपल्या शहरातच पाहा. १९०४ पासून चालणाऱ्या तोफगाडी कारखान्यात, म्हणजे जीसीएफमध्ये, नोकरी केलेली माणसे इथे घरोघर आहेत. त्यांच्यातले अनेक जण आजही सीजीएचएस या केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेच्या दवाखान्यातून रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या आणतात. ही योजना १९५४ मध्ये दिल्लीत सुरू झाली. वेतनश्रेणीप्रमाणे महिन्याला २५० ते १,००० रुपये कापले जातात, बाकीचा भार सरकार उचलते आणि रुग्णालयांचे दर सरकार ठरवते. रेल्वेने तर आपल्या माणसांसाठी स्वतःची रुग्णालये उभारली. देशातल्या या दोन मोठ्या मालकांनी आपल्या नोकरांचे आजारपण विमा कंपनीवर सोपवले नाही. हजारो माणसे कामावर असली की कोणत्या वर्षी साधारण किती खर्च येईल याचा अंदाज बांधता येतो, आणि ज्याला तो बांधता येतो त्याने दुसऱ्याच्या नफ्याची तजवीज का करावी?

दुसरा मुद्दा रकमेचा. पॉलिसीच्या पहिल्या पानावरचा आकडा पाहून निवड करणारा माणूस फसतो, कारण खरा निर्णय आतल्या अटींत दडलेला असतो. समजा विमा रक्कम दोन लाख आहे आणि खोलीभाड्याची मर्यादा एक टक्का, म्हणजे दिवसाला २,००० रुपये. पाण्याच्या टाकीवरचा कर्मचारी शस्त्रक्रियेसाठी दाखल झाला आणि त्याला ४,००० रुपयांची खोली मिळाली. पाच दिवसांचे भाडे २०,०००. सर्जन व शस्त्रक्रियागृह ८०,०००. औषधे व तपासण्या ३०,०००. एकूण बिल १,३०,०००. भाडे मर्यादेच्या दुप्पट झाले म्हणून कंपनी भाडे निम्मे करतेच, शिवाय सर्जन आणि शस्त्रक्रियागृहाचा खर्चही त्याच प्रमाणात निम्मा करते. औषधे आणि तपासण्या तेवढ्या पूर्ण मिळतात. हातात पडतात ८०,०००. उरलेले ५०,००० त्याने खिशातून भरायचे, आणि तेही दोन लाखांपैकी एक लाख वीस हजार शिल्लक असताना! म्हणून विमा रकमेआधी खोलीभाड्याची मर्यादा, सहभरणा म्हणजे बिलातला रुग्णाचा वाटा, जुन्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ आणि निवृत्तीनंतरची सोय यांची चौकशी करायला हवी. सर्वांत कमी हप्त्याची निविदा बहुधा याच चार ठिकाणी कात्री लावून आलेली असते.

तिसरा मुद्दा दातांचा. इथे मी अधिक रेंगाळणार आहे, कारण हा गैरसमज सर्वांत खोल रुजलेला आहे. आपल्याकडच्या बहुतेक आरोग्य पॉलिसी अपघाताने झालेली इजा सोडली तर दातांचा खर्च देत नाहीत. किडलेली दाढ, सुजलेल्या हिरड्या, रूट कॅनाल, कवळी हे सगळे बाहेर. याला हौस म्हणणाऱ्याने पहाटे आमच्या गल्ल्या झाडणाऱ्या सफाई कामगाराच्या तोंडाकडे एकदा बघावे. मध्य प्रदेशाने १ एप्रिल २०१२ पासून गुटख्यावर बंदी घातली. अन्नसुरक्षा नियमांखाली असे करणारे हे देशातले पहिले राज्य. तरीही २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत इथे १५ वर्षांवरील ३४.२ टक्के लोक तंबाखू वापरताना आढळले; देशाचे प्रमाण २८.६ टक्के होते. तंबाखूची गोळी गालात धरून गटार उपसणाऱ्या माणसाच्या तोंडात कर्करोगाची पूर्वसूचना असू शकणारा पांढरा चट्टा उमटतो, तो दुखत नाही, म्हणून तो दाखवत नाही. दंतवैद्याने वेळेवर तोंड उघडून पाहिले तर तो दिसतो. केरळात तिरुअनंतपुरम जिल्ह्यात यावर मोठा प्रयोग झाला. प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी नुसत्या डोळ्यांनी तोंडाची तपासणी केली आणि तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमधले तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटले. हे निष्कर्ष २००५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. दंत तपासणी हा कर्करोगाचा खर्च वाचवणारा स्वस्त उपाय आहे, आणि नेमका तोच पॉलिसीतून वगळला जातो.

याचा उपाय लांब शोधायला नको. दीक्षितपुऱ्यात हितकारिणी सभेची शाळा आहे. १८६८ मध्ये स्थापन झालेल्या याच सभेचे दंत महाविद्यालय आणि रुग्णालय जबलपुरात आहे. शिकणाऱ्या डॉक्टरांना रुग्ण हवे असतात, कामगारांना उपचार हवे असतात. निगमाने अशा महाविद्यालयाशी थेट ठरावीक दरांचा करार करावा: वर्षातून दोनदा तपासणी, दात काढणे, भरणे, हिरड्यांची सफाई. यात विमा कंपनीचे काहीच काम नाही.

चौथा मुद्दा आयुष्मानचा. २०१८ मध्ये सुरू झालेली ही योजना कुटुंबाला वर्षाला पाच लाख देते आणि ती गरिबांना आधार ठरली, हे मी मनापासून मान्य करतो. पण ती रुग्णालयात दाखल झाल्यानंतरची योजना आहे. रोजच्या गोळ्या, चष्मा, दाढ हे तिच्या कक्षेत नाही, आणि पगारी कारकुनाचे नाव तिच्या यादीत सहसा सापडत नाही. ठेक्यावरच्या कामगारांसाठी कर्मचारी राज्य विमा योजना, ईएसआय, अधिक उपयोगी आहे: २१,००० रुपयांपर्यंत पगार, कामगाराचे ०.७५ टक्के, मालकाचे ३.२५ टक्के, आणि ओपीडीपासून उपचार. पालिकांच्या हंगामी व ठेका कामगारांना तिच्यात आणण्याचे पाऊल केंद्राने २०२१ मध्ये उचलले. ठेकेदाराकडून ही वर्गणी भरून घेणे ही निगमाची जबाबदारी आहे.

मग मंडन काय? कायम कर्मचाऱ्यांसाठी निगमाने स्वतःचा अंशदायी निधी उभारावा. पुणे महापालिकेची अंशदायी वैद्यकीय सहाय्य योजना वर्षानुवर्षे याच तत्त्वावर चालत आली: सेवकाने वर्गणी द्यायची आणि बिलाचा ९० टक्के भार पालिकेने उचलायचा. पिंपरी-चिंचवडमध्ये अशीच धन्वंतरी योजना गुंडाळून विमा आणायचे ठरले तेव्हा कर्मचारी संघटनेनेच विरोध केला. ज्यांना दवाखान्याच्या पायऱ्या चढाव्या लागतात त्यांना कशात काय मिळते ते ठाऊक असते.

निधीत गळती होईल, खोटी बिले येतील, हा आक्षेप खरा आहे. त्यासाठी सीजीएचएसचे दर बांधून घ्यावेत, बिले तपासायला ठरावीक फी देऊन बाहेरची संस्था नेमावी आणि देखरेख समितीत सफाई कामगारांचा प्रतिनिधी बसवावा. पनागर, सिहोरा किंवा भेडाघाटसारख्या छोट्या पालिकांना एखादे मूत्रपिंड प्रत्यारोपणही बुडवू शकते, हेही खरे. त्यांनी जिल्ह्याचा एकत्र निधी करावा आणि ठरावीक रकमेच्या वरच्या खर्चापुरताच विमा घ्यावा. विम्याला माझा विरोध नाही. त्याची जागा तिथे, क्वचित येणाऱ्या मोठ्या संकटात आहे.

२०२० च्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळाने कर्मचारी स्वास्थ्य विमा योजना मंजूर केली होती. तिच्यात ओपीडीसाठी वर्षाला १०,००० रुपयांची तरतूद होती, पण ती लागू झाली नाही. भोपाळची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. येत्या अर्थसंकल्पात निधीचे वेगळे शीर्षक उघडा, दंत तपासणीचा करार पहिल्याच वर्षी करा, आणि आपल्या वॉर्डाच्या पार्षदाला प्रत्येक नागरिकाने विचारावे: आपली गल्ली झाडणाऱ्याची दाढ दुखली तर त्याने कुठे जायचे?