नॅस (घरगुती साठवणयंत्र) : संपर्काच्या अडचणी

राउटरला जोडून घरातल्या सगळ्या संगणकांनी आणि मोबाइलनी मिळून वापरायचे साठवणयंत्र म्हणजे नॅस. ते उघडेनासे झाले की ‘डिस्क गेली’ असे म्हणून लोक मोकळे होतात, आणि हे निदान बहुतेक वेळा चुकते. डिस्क शाबूत असते, संगणकाला तिच्यापर्यंत पोचता येत नसते. त्यामुळे रीसेटचे बटण दाबण्याआधी पत्ता तपासावा. सिद्धगडाच्या पायथ्याला नारिवलीसारख्या गावांत, किंबहुना मुरबाड-शहापूरच्या ग्रामीण पट्ट्यात कुठेही, पावसाळ्यात लाइट जाते-येते तेव्हा याचा प्रत्यय येतो. आयपी पत्ता राउटर वाटतो आणि तोही ठरावीक मुदतीपुरता. लाइट आल्यावर काल 192.168.1.5 वर असलेले यंत्र आज 192.168.1.9 वर असू शकते. संगणकावरचा शॉर्टकट मात्र जुनेच दार ठोठावत राहतो. राउटर पुरता सुरू होण्याआधी नॅस जागे झाले, तर काही यंत्रे 169.254 ने सुरू होणारा पत्ता आपणच घेतात. हा आकडा दिसला की राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही हे पक्के. राउटरच्या सेटिंगमध्ये नॅससाठी एक पत्ता राखून ठेवला की ही कटकट बव्हंशी मिटते. दोन्ही यंत्रे छोट्या यूपीएसवर असली तर उत्तमच.

यावर आक्षेप येतो तो असा, की पत्ता ठीक असूनही विंडोजच्या ‘नेटवर्क’ यादीत यंत्र दिसत नाही. पण दिसणे वेगळे आणि उघडणे वेगळे. ती यादी पूर्वी एसएमबी-1 या जुन्या पद्धतीवर चालत असे, आणि 2017 च्या उत्तरार्धात आलेल्या विंडोज 10 च्या आवृत्तीपासून नव्याने बसवलेल्या संगणकांवर ती पद्धत मुळातच बंद असते. फाइल एक्सप्लोररच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा देऊन पुढे आकडी पत्ता लिहिला, तर यादीत नसलेले नॅसही उघडते. एसएमबी-1 पुन्हा चालू केले की यंत्र दिसू लागते हे खरे, पण मे 2017 मधला वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस याच पद्धतीतल्या भगदाडातून पसरला, आणि त्याच भगदाडाचा फायदा घेणाऱ्या जून 2017 च्या हल्ल्याने न्हावा-शेवा बंदरातल्या एका टर्मिनलचे काम ठप्प केले होते. नॅसचे सॉफ्टवेअर अद्ययावत करून एसएमबी-2 किंवा 3 चालू करणे हाच शहाणपणाचा मार्ग. पासवर्ड नाकारला जात असेल, तर विंडोजने जुना पासवर्ड साठवून ठेवला आहे का ते पाहावे. संगणकाचा पिन इथे चालत नाही.

घराबाहेरून नॅस न उघडणे हे दुखणे निराळे. गावात इंटरनेट बहुधा मोबाइल सिमच्या राउटरवर चालते, आणि कंपनी अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवते. राउटरच्या माहितीत बाहेरचा पत्ता 100.64 ते 100.127 या पट्ट्यातला दिसला, तर पोर्ट फॉरवर्डिंगच्या (बाहेरून आलेली जोडणी राउटरने नॅसकडे वळवण्याच्या) खटपटीत दिवस घालवू नये, ते चालणारच नाही. जिथे चालते तिथेही नॅस थेट इंटरनेटवर उघडे ठेवू नये: जून 2021 मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक लाइव्ह यंत्रांमधला डेटा बाहेरूनच पुसला गेला होता. त्यापेक्षा नॅसने स्वतः बाहेर जोडणी करायची असे व्हीपीएन बसवावे. त्याला सार्वजनिक पत्ता लागत नाही.