चार वाट्यांची चाचणी

आपल्याकडे गाईची कास सुजून कडक झाली, की ‘दगडी झाली’ म्हणतात. दुधात गाठी येतात, कधी रक्त येतं. हा कासदाह डोळ्यांना दिसतो. पण मंडळी, आज बोलायचंय ते न दिसणाऱ्या कासदाहाबद्दल. कास मऊ, गाय चरतेय, दूध पांढरंशुभ्र. आणि आत संसर्ग.

१८८७ मध्ये फ्रान्समधल्या नोकार आणि मोलेरो यांनी दाखवलं, की एक जंतू हा आजार एका गाईकडून दुसरीकडे नेतो. तो धार काढणाऱ्याच्या हातांवरून गोठाभर फिरतो. जंतू सडातून आत शिरला, की त्याच्याशी लढायला गाईच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी कासेत येतात. दुधातलं लॅक्टोज घटतं, मीठ वाढतं, केसीन तुटतं. मग तेवढ्याच दुधातून चीज कमी उतरतं.

हे ओळखायचं कसं? १९५७ साली कॅलिफोर्नियात शाल्म आणि नूरलँडर यांनी सोपी चाचणी मांडली. चार वाट्यांचं पसरट भांडं घ्यायचं, प्रत्येक सडाचं दूध वेगळ्या वाटीत काढायचं, त्यात साबणासारखं द्रावण घालून हलवायचं. पेशी फुटतात, आतला डीएनए मोकळा होतो, दूध चिकट होतं. जितकं घट्ट, तितक्या पेशी जास्त.

मात्र एक मेख आहे. नुकत्याच व्यालेल्या गाईच्या चिकात आणि आटत आलेल्या गाईच्या दुधातही पेशी वाढलेल्या असतात, संसर्ग नसला तरी. म्हणून आधी विचारायचं, गाय व्यायला किती दिवस झाले?

दरम्यान, १९४० च्या दशकात पेनिसिलिन आलं होतं. वाटलं, प्रश्न मिटला. पण एक गाय बरी होईपर्यंत दुसरीला लागण व्हायची. शिवाय औषधाचा अंश दुधात उतरला, की विरजणातले जंतूच मरायचे. अखेर १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये रेडिंगजवळच्या दुग्ध संशोधन संस्थेत नीव्ह, डॉड आणि सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष गोठ्यांत प्रयोग केले. त्यांतून निघालेले उपाय साधे होते: धार काढल्यावर सड जंतुनाशकात बुडवा, गाय आटवताना चारही सडांत औषध सोडा, दुखणाऱ्या सडावर लगेच उपचार करा, धारेचं यंत्र तपासत राहा, वारंवार आजारी पडणारी गाय कळपातून काढा.

पाहा, यातल्या दोनच गोष्टी औषधाच्या आहेत. बाकी सगळं गोठ्यातल्या माणसाच्या रोजच्या कामावर आहे.