मूळ आकृती आणि तिची प्रतिरूपे

मोठ्या इमारतीच्या आराखड्यात एकच खिडकी पुनःपुन्हा येते. हाताने आरेखन होत असे त्या काळी आरेखक ती दरवेळी नव्याने काढी. चूक निघाली की ट्रेसिंग कागदावर प्रत्येक खिडकी ब्लेडने खरवडणे आले.

या कष्टांवरील मूलगामी उपाय आयव्हन सदरलँड यांनी १९६३ साली एमआयटीला सादर केलेल्या प्रबंधात आढळतो. लिंकन प्रयोगशाळेतील टीएक्स-२ संगणकावर त्यांनी रचलेल्या ‘स्केचपॅड’मध्ये प्रकाशलेखणीने पडद्यावर आकृती काढता येई. कौतुक बहुधा त्या लेखणीचेच होते. आम्हांस मात्र त्यातील मूळ आकृती व प्रतिरूप हा भेद अधिक मोलाचा वाटतो. प्रतिरूपात रेषा साठवलेल्या नसत. मूळ आकृती कोणती, ती कोठे, केवढी व किती वळवून दाखवायची, एवढीच नोंद असे. त्यामुळे मूळ षट्कोनाच्या जागी अर्धवर्तुळ आणताच षट्कोनांची सबंध जाळी माशाच्या खवल्यांसारखी दिसू लागे.

१९८२ साली बाजारात आलेल्या ऑटोकॅडमधील ‘ब्लॉक’ याच जातीचा. ‘डब्ल्यूब्लॉक’ या आज्ञेने तो स्वतंत्र फाइलीत जपून ठेवता येतो आणि दुसऱ्या आराखड्यात घालता येतो. पण नेमका येथेच धागा तुटतो. घातलेला ब्लॉक त्या आराखड्याच्या मालकीचा होतो. मूळ फाइलीतील खिडकी दुरुस्त केली, तरी तो पुन्हा आणून घालीपर्यंत जुनी चूक तशीच राहते. १९९० सालच्या अकराव्या आवृत्तीतील ‘एक्सरेफ’ने हा धागा पुन्हा जोडला खरा, परंतु मूळ फाइल कोणी हलवली, तर चित्राच्या जागी केवळ तिचा पत्ता उमटतो.