‘थुरिया’ची हाक

ज्या होडीच्या संकटाची हकीकत येथे सांगावयाची आहे, तिचे कूळ मुंबईचे आहे. १९६० नंतरच्या काळात रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन नावाचे तरुण इंग्रज दर्यावर्दी व्यापारी जहाजांवर नोकरीस होते. त्यांनी मुंबईच्या सुतारांकडून सागवानी लाकडाची, सुमारे ३२ फूट लांबीची शिडाची होडी बांधवून घेतली व तिचे नाव ठेवले ‘सुहैली’. १४ जून १९६८ रोजी ते इंग्लंडमधील फालमथ बंदरातून या होडीत एकटेच निघाले आणि ३१२ दिवसांनी, कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून तेथेच परतले. असे करणारे ते पहिले. त्या शर्यतीत नऊ जण उतरले होते. ती पूर्ण केली एकट्या नॉक्स-जॉन्स्टन यांनी. वाटेत त्यांचा रेडिओ बंद पडला होता, त्यामुळे कित्येक महिने ते जिवंत आहेत किंवा नाहीत हे घरच्यांनाही ठाऊक नव्हते. याच शर्यतीतील डोनाल्ड क्रोहर्स्ट यांची होडी पुढे समुद्रात रिकामी आढळली. विजेत्याने आपल्या बक्षिसाचे ५,००० पौंड क्रोहर्स्ट यांच्या कुटुंबास देऊन टाकले. विजयापेक्षा हेच कृत्य मला अधिक मोठे वाटते.

या घटनेस पन्नास वर्षे होत असता २०१८ साली ‘गोल्डन ग्लोब’ शर्यत पुन्हा भरविण्यात आली. अट अशी की, साधने १९६८ सालचीच असावीत. उपग्रहाद्वारे दिशादर्शन नाही. सूर्य-तारे पाहून सेक्स्टंटने आपले स्थान काढावयाचे. भारतीय नौदलातील कमांडर अभिलाष टॉमी यांना या शर्यतीचे निमंत्रण होते. कोठेही न थांबता, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय हा मान त्यांनी २०१३ साली मुंबईस परतून मिळविलाच होता. त्यांच्यासाठी ‘सुहैली’चीच प्रतिकृती बांधण्यात आली, ती गोव्यात, मांडवीच्या पात्रातील दिवाड बेटावर, रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात. नौदलाच्या ‘म्हादेई’ आणि ‘तारिणी’ या नौकाही तेथल्याच. नव्या होडीस ‘थुरिया’ हे नाव मिळाले. अरबीत त्याचा अर्थ कृत्तिका नक्षत्र.

१ जुलै २०१८ रोजी फ्रान्सच्या किनाऱ्यावरून अठरा होड्या निघाल्या. टॉमी तिसऱ्या क्रमांकावर असताना, २१ सप्टेंबर रोजी, दक्षिण हिंदी महासागरातील भीषण वादळाने त्यांना गाठले. ताशी ७० सागरी मैलांचा वारा आणि चार मजली इमारतीएवढ्या लाटा. ‘थुरिया’ने पूर्ण कोलांटी घेतली. डोलकाठी मोडली आणि उंचावरून खाली आपटल्याने टॉमी यांच्या पाठीचा कणा जायबंदी झाला. कसेबसे सरपटत ते बिछान्यापर्यंत पोहोचले. होडी उलटली, डोलकाठी गेली, पाठीस गंभीर दुखापत, उठता येत नाही, एवढाच मजकूर त्यांनी यंत्रावरून पाठविला. पोटात पाणीही टिकत नव्हते.

ते होते कोठे? ऑस्ट्रेलियातील पर्थ शहरापासून सुमारे १,९०० सागरी मैलांवर. आपणा सांगलीकरांस कळावे म्हणून सांगतो, सांगली ते श्रीनगर हे सरळ अंतर जवळजवळ दुप्पट करावे, आणि मध्ये नुसते पाणी आहे असे समजावे.

समुद्रावर संकटात सापडलेल्यास सोडून जाऊ नये, हा नियम कोणत्याही कायद्याहून जुना आहे. संत पौलाचे गलबत फुटले तेव्हा त्यावरील २७६ जणांना माल्टा बेटावरील लोकांनी शेकोटी पेटवून आसरा दिला, तो कोणा राजाच्या हुकमाने नव्हे. लेखी स्वरूपात हा नियम आला तो १९१० सालच्या ब्रुसेल्स करारात. आपल्या जहाजास गंभीर धोका नसेल तर बुडणाऱ्यास, तो शत्रू असला तरी, वाचविणे हे कप्तानाचे कर्तव्य ठरले. पुढे १९७९च्या हॅम्बुर्ग कराराने शोध व सुटकेची जबाबदारी राष्ट्रांमध्ये क्षेत्रवार वाटण्याची व्यवस्था घालून दिली. त्यानुसार ‘थुरिया’च्या शोधाची सूत्रे ऑस्ट्रेलियाने हाती घेतली. भारतीय नौदलाचे टेहळणी विमान मॉरिशसहून उडाले व त्याने मोडक्या डोलकाठीची, हेलकावणारी होडी पाहिली. ‘आयएनएस सातपुडा’ निघाली, ऑस्ट्रेलियाची युद्धनौकाही निघाली. परंतु सर्वांत जवळ होते ते ‘ओसिरिस’, मासेमारीवर देखरेख ठेवणारे एक फ्रेंच जहाज.

या धावपळीत एक होडी मात्र अगदी हळू येत होती. आयर्लंडचे ग्रेगर मॅकगकिन हे टॉमी यांचे प्रतिस्पर्धी. त्याच वादळात त्यांचीही डोलकाठी मोडली होती. त्यांनी उरल्यासुरल्या सामानातून तात्पुरती काठी उभी केली, तीवर शीड चढविले आणि आपल्या सुटकेची वाट पाहत न बसता होडी टॉमी यांच्या दिशेने वळविली. पोहोचून ते किती उपयोगी पडले असते, हा हिशेब त्यांनी केलेला दिसत नाही.

२४ सप्टेंबर रोजी ‘ओसिरिस’ने रबरी होड्या पाण्यात उतरविल्या. अशा होड्या आपण सांगलीकरांनी ऑगस्ट २०१९ मध्ये पाहिल्या, तेव्हा नौदलाची पथके त्या घेऊन महापुरात शिरली होती. त्याच पुरात ब्रह्मनाळ येथे माणसे बाहेर काढणारी नाव उलटून अनेकांचा अंत झाला. वाचविण्याचे काम वाचविणाऱ्यालाही बुडवू शकते, हे कृष्णाकाठास शिकविण्याची गरज नाही. मोडलेल्या पाठीच्या माणसास उसळत्या समुद्रात एका होडीतून दुसरीत घेणे म्हणजे तर कसोटीच. एक धक्का बसता तरी पाय कायमचे जाण्याचे भय. फ्रेंच खलाशांनी त्यांना स्ट्रेचरवर बांधून अलगद वर घेतले. मग ‘ओसिरिस’ने मॅकगकिन यांनाही घेतले आणि दोघांस अॅमस्टरडॅम बेटावर पोहोचविले. तेथून ‘सातपुडा’ टॉमी यांना घेऊन ६ ऑक्टोबर रोजी विशाखापट्टणमला आली. दिवाडची ‘थुरिया’ मात्र समुद्रावरच राहिली.

टॉमी यांच्या कण्यात शस्त्रक्रियेने धातूच्या सळया बसविण्यात आल्या. ते पुन्हा चालू लागले, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये याच शर्यतीत पुन्हा उतरले. त्या खेपेस फिनलंडचे टापियो लेहतिनेन यांची होडी पाच मिनिटांत बुडाली व ते तराफ्यावर सुमारे चोवीस तास एकटे राहिले. दक्षिण आफ्रिकेच्या कर्स्टन नॉयशेफर यांनी शर्यत बाजूला ठेवून रात्रभर होडी हाकली, त्यांना उचलले, ‘दर्या गायत्री’ या मालवाहू जहाजाच्या स्वाधीन केले आणि पुन्हा आपली वाट धरली. एप्रिल २०२३ मध्ये शर्यत संपली तेव्हा पहिल्या आल्या त्या नॉयशेफर. त्यांच्या मागोमाग, २९ एप्रिलला, अभिलाष टॉमी पोहोचले.